सूझन मिसचा निरोप

सूझन मिसनी आईबाबांसाठी माझ्याजवळ एक निरोप दिला होता. तो मी घरी सांगितला नाही, आणि त्यामुळे माझ्या धाकट्या बहिणीचा उजवा कान कायमचा गेला. हे खरं तर या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर यायला हवं होतं. शारजाचं ते घर, खालची बेकरी, वाळूतलं क्रिकेट यांबद्दल मी आतापर्यंत इतकं लिहिलं, ते सगळं खोटं नाही. पण लिहिताना मी याच प्रकरणाला वळसा घालत होतो. आता वळसा घालायला जागा उरलेली नाही.

शारजातल्या रोला चौकाजवळच्या त्या इमारतीत आमचं एका बेडरूमचं घर होतं. हॉलमध्ये खिडकीतला एसी दिवसरात्र घरघरत असे, आणि त्याच्या आवाजावर मात करण्यासाठी घरात सगळेच जरा मोठ्याने बोलत. पाहुणे आले की म्हणत, तुम्ही भांडताय का? आम्ही भांडत नसू. बाबा लांब रुवैसला साइटवर कामाला होते. ते गुरुवारी रात्री घरी येत आणि शनिवारी पहाटे परत जात. आई शिवणाचं सामान विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात हिशेब बघायची. दुपारी दुकान बंद झालं की घरी येऊन आम्हाला जेवायला वाढायची, पुन्हा पाचला जायची, आणि परत यायची तेव्हा तिच्या ओढणीला नव्या कापडाचा खळीसारखा वास असायचा. शुक्रवारी सकाळी मात्र घर भरलेलं वाटे. बाबा मटण आणत, आई सांगलीहून आणलेलं कांदालसूण मसाल्याचं पुडकं उघडायची, खालच्या पठाणी बेकरीतून मी गरम खुबूस आणायचो, कारण बाबांना आता रश्शाबरोबर भाकरीपेक्षा तेच आवडू लागलं होतं. आई म्हणायची, “यांना इथली हवा लागली.” बाबा म्हणायचे, “हवा कसली, तुझ्या भाकऱ्या लागल्या दातांना.” मिनू हसायची, पण जरा उशिरा हसायची. आम्ही हसलो की आमच्याकडे बघून.

मिनू म्हणजे मीनल, माझ्याहून सात वर्षांनी लहान. तेव्हा दुसरीत होती. तिचा उजवा कान वाहायचा. सर्दी झाली की सुरू व्हायचं, मग थांबायचं, मग पुन्हा. तिच्या उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग पडायचा आणि त्याला एक कुबट वास यायचा. आम्ही दोघं एकाच खोलीत झोपत असल्यामुळे तो वास मला चांगला ठाऊक होता. आई लोखंडी पळीत खोबरेल तेल गरम करून त्यात लसणाची पाकळी टाकायची, ती तांबूस झाली की तेल कोमट करून दोन थेंब कानात सोडायची आणि वर कापसाचा बोळा. तिच्या आईने तिला हेच केलं होतं. दुकानाशेजारच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी एकदा थेंब दिले होते, त्यानेही थांबलं होतं. लहान मुलांचे कान वाहतातच, असं सगळे म्हणायचे. मिनू टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसायची आणि आई ओरडायची, “डोळे जातील, मागे हो!” डोळ्यांची काळजी करणारी आई मला अजून डोळ्यांपुढे दिसते.

ओपन हाऊस, म्हणजे पालकांनी शिक्षकांना भेटायचा दिवस, गुरुवारी सकाळी असायचं. तिथे गुरुवार-शुक्रवार शाळेला सुट्टी, पण गुरुवारी आईचं दुकान चालू आणि बाबा संध्याकाळपर्यंत साइटवर. आमच्यासारख्या बऱ्याच घरांत मग मोठं भावंड धाकट्याच्या ओपन हाऊसला जायचं. शाळेला ते पसंत नव्हतं. शिक्षिका कुरकुरायच्या, “नेक्स्ट टाइम पेरेंट्स मस्ट कम,” असं दर वेळी म्हणायच्या, आणि दर वेळी पाचसहा मोठे भाऊ, मोठ्या बहिणी रांगेत उभ्या असायच्या. मला त्या रांगेत उभं राहायला आवडायचं. मी नववीत होतो. बाबा फोनवर म्हणायचे, “घरातला पुरुष तू आहेस आता, मिनूचं बघ,” आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून मिनूचा हात धरून जायचो.

त्या गुरुवारी मिनूच्या वर्गाआधी मी वरच्या मजल्यावर माझ्या वर्गात गेलो होतो. माझ्या ओपन हाऊसला कोणी येणार नाही हे आमच्या गणिताच्या सरांना ठाऊक होतं. त्यांनी मला बाजूला घेतलं. गणित आणि फिजिक्स दोन्हींत मी नापास होतो. ट्यूशनच्या नावाखाली मी इमारतीमागच्या वाळूत क्रिकेट खेळत होतो, हेही त्यांना कळलं होतं. ते म्हणाले, “फादर नहीं तो मदर को लेके आओ. वो आएँगे तो मैं सब बताऊँगा.” बाबांचं म्हणणं आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं: अभ्यासात गडबड झाली तर सांगलीला काकांकडे. ते धमकी म्हणून बोलत नसत, अगदी शांतपणे बोलत, म्हणून त्याची भीती जास्त वाटे. आमच्या इमारतीतल्या दोन मुलांना असं परत पाठवलंही होतं. एका सकाळी स्कूलबसमधली त्यांची जागा रिकामी दिसली, एवढंच.

अशा मनःस्थितीत मी खाली सूझन मिसच्या टेबलापुढे बसलो. मिनू माझ्या खुर्चीला टेकून उभी होती. सूझन मिस केरळच्या, बारीक, गळ्यात छोटा क्रॉस, बोलताना हात टेबलावर जोडून ठेवायच्या. त्यांनी आधी मिनूचं चित्रकलेबद्दल कौतुक केलं. मग माझ्याकडे नीट बघून हळू इंग्रजीत म्हणाल्या, “अभिजित, तुझ्या बहिणीला नीट ऐकू येत नाही असं मला वाटतं. मी समोर उभी राहून बोलले की ती सगळं लिहिते. फळ्याकडे वळून बोलले की तिची पेन्सिल थांबते. ती माझ्या तोंडाकडे बघत असते. घरी काही जाणवलंय का?”

मला जाणवलं होतं. कान मला ठाऊक होता, उशी ठाऊक होती, टीव्ही ठाऊक होता. मिसना वर्गातली पेन्सिल ठाऊक होती. आईला कान वाहतो हे ठाऊक होतं, पण फळ्यापुढे काय होतं ते ठाऊक नव्हतं. दोन्हीकडचं ठाऊक असलेला त्या शाळेत आणि त्या घरात मी एकटाच होतो. मी म्हणालो, “नो मिस.”

“तरी डॉक्टरना दाखवा. कानाच्या डॉक्टरना. आणि मम्मी को बोलो, मेरे को आके मिले. प्लीज. इट इज इम्पॉर्टंट.”

“येस मिस. आय विल टेल.”

आई मिसना भेटायला आली असती तर वरच्या मजल्यावरही गेली असती. एवढा एकच हिशेब माझ्या डोक्यात होता. मिनूच्या कानाचं वाईट व्हावं असं मला वाटलं नव्हतं. मी कानाचा विचारच केला नव्हता. येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून तिला चीज घातलेला मनईश, भट्टीतल्या गरम रोटीसारखा, घेऊन दिला. तिने अर्धा मला दिला.

रात्री आई भात उपसत होती. बाबा यायचे होते. तिने विचारलं, “काय म्हणाल्या मिनूच्या मिस?”

“छान म्हणाल्या. ड्रॉइंग मस्त आहे म्हणाल्या.”

“आणि अभ्यास?”

काहीच न सांगता सुटका होणार नाही असं वाटून मी म्हणालो, “वर्गात लक्ष नसतं म्हणाल्या जरा.”

मी नुसता गप्प राहिलो असतो तर निदान एवढं तरी झालं नसतं. आई दिवसभर उभी राहून दमलेली होती. ती हॉलमध्ये गेली, टीव्ही बंद केला आणि मिनूला समोर उभं करून म्हणाली, “लक्ष कुठे असतं गं तुझं? तुझ्या बाबांनी तिकडे उन्हात राबायचं आणि तू वर्गात बसून स्वप्नं बघायची?” मिनू आईच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे बघितलं. ती रडली नाही. त्यानंतर बरेच दिवस घरात टीव्ही लागला नाही, आणि संध्याकाळी आई दुकानातून आल्यावर मिनूला घेऊन पाढे म्हणायला बसायची. मिनू चुकली की म्हणायची, “लक्ष!”

काही दिवसांनी सूझन मिसनी मला व्हरांड्यात थांबवलं. “सांगितलंस का घरी?” मी म्हणालो, “येस मिस. बाबा साइटवरून आले की नेणार आहेत डॉक्टरकडे.” त्यांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला, तो मी विसरू शकलेलो नाही. त्या म्हणाल्या, “थँक गॉड. गुड बॉय.” त्यांनी मिनूला पहिल्या बाकावर, फळ्याच्या अगदी समोर बसवलं होतं. त्यांच्या हातात होतं ते त्या करत होत्या, आणि पुढचं आईबाबा करताहेत अशी त्यांची समजूत होती. आई पाढे घेत होती, तिच्या हातात होतं ते ती करत होती, आणि शाळेत काही मोठं असतं तर मिसनी बोलावून घेतलंच असतं अशी तिची समजूत होती.

आता माझ्या मुलीच्या शाळेचं ॲप दिवसातून चार वेळा वाजतं आणि वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर सकाळपासून मेसेज पडतात. मी आता राहतो त्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतले माझे शेजारी फीचा आकडा दिरहममध्ये सांगतात, मग रुपयांत करून सांगतात, आणि म्हणतात, एवढे पैसे भरतो, मग बघू दे ना शाळेने. मी वाद घालत नाही. मुलीच्या शिक्षिकेला मात्र मी स्वतः जाऊन भेटतो आणि ती घरी कशी असते ते सांगतो, अगदी रात्री दात खाते इथपर्यंत. त्या बाई हसतात. मुलीला लाज वाटते. “बाबा, प्लीज, डोन्ट ओव्हरशेअर,” म्हणते. मी तरीही सांगतो.

त्या वर्षी थंडी सुरू झाली तेव्हा मिनूला ताप आला. दोन दिवस उतरला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आई तिची वेणी घालताना एकदम थांबली. उजव्या कानामागे लालभडक सूज होती आणि कान पुढे ढकलल्यासारखा उभा दिसत होता. बाबा रुवैसहून मिळेल त्या गाडीने आले. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी, ते हैदराबादचे होते, बाबांना हिंदीत समजावलं: कानातलं जुनं दुखणं आत शिरून मागच्या हाडापर्यंत गेलंय, आजच ऑपरेशन करावं लागेल, उशीर झाला तर मेंदूलाही धोका आहे. ऑपरेशननंतर ते म्हणाले की जीव वाचला, पण उजव्या कानाने आता ऐकू येणार नाही, आणि डाव्यालाही थोडं कमी येतंय. “काही महिने आधी आणली असती तर कान वाचवता आला असता. बच्ची के स्कूल में किसी ने नोटिस नहीं किया?”

मी कॉरिडॉरमध्ये आईशेजारी बसलो होतो. तिने स्वतःची बोटं नाकाशी नेली, वास घेतला, आणि हात ओढणीत गुंडाळला. त्यानंतर आमच्या घरात कानात तेल घालणं तर सोडाच, लसणाची फोडणीही कित्येक महिने झाली नाही.

मग तिने डॉक्टरांचा प्रश्न उचलला आणि तो घेऊन शाळेत गेली. तिला इंग्रजी समजायचं, पण रागात बोलता येत नसे, म्हणून मला बरोबर नेलं. सूझन मिस व्हरांड्यातच भेटल्या. आईने माझी वाटच बघितली नाही. हिंदी आणि मराठी मिसळून, येणाऱ्याजाणाऱ्या मुलांसमोर ती बोलत सुटली, “सहा घंटा आपके सामने बैठती है मेरी बच्ची. सहा घंटा! उसको सुनाई नहीं देता, ये आपको समझा नहीं? मग शिकवता काय तुम्ही? मला बोलावलं का नाही एकदा? मी कामावर जाते, मी आंधळी असेन, तुम्ही तर बघत होता ना?”

सूझन मिसचा चेहरा पांढरा पडला. त्या म्हणाल्या, “बट आय टोल्ड...” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी खाली बघत होतो. मग त्यांचा आवाज आला, अगदी बारीक, “सॉरी, मिसेस कुलकर्णी. मैंने खुद फोन करना चाहिए था. इट इज माय मिस्टेक.”

आईला भांडण हवं होतं, तिला माफी मिळाली. ती तिथेच पायरीवर बसून रडायला लागली. सूझन मिस तिच्याशेजारी बसल्या. दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या, दोघी स्वतःला दोष देत होत्या, आणि मी तीन हातांच्या अंतरावर उभा होतो. मला एक वाक्य बोलायचं होतं. घंटा झाली, मुलं वर्गात गेली, आणि मी ते बोललो नाही. पुढच्या वर्षी सूझन मिस शाळेत नव्हत्या. नवऱ्याची बदली झाली असं कोणी म्हणालं, तक्रारीमुळे काँट्रॅक्ट वाढवलं नाही असंही कोणी म्हणालं. खरं काय ते मला ठाऊक नाही. गेल्या काही वर्षांत मी त्यांना शोधायचा प्रयत्न केला, त्या सापडल्या नाहीत.

मला सांगलीला कोणी पाठवलं नाही. मिनूच्या गडबडीत माझ्या नापास होण्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. दहावीपर्यंत मी मान मोडून अभ्यास केला आणि पास झालो. बाबा म्हणाले, “पोराला जबाबदारी कळली.”

मिनू शिकली, कानाला मशीन लावून शिकली, आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरीला लागली, लग्न करून अबू धाबीला खलिफा सिटीत राहायला गेली. आईशी ती कधी भांडली नाही. फक्त एक अंतर ठेवून राहिली. आई फोन करायची तर मिनू दोन वाक्यांत आटपायची. आईबाबा सांगलीला परतल्यावर तिथे गेली तरी काकूंजवळ जास्त बसायची. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही, म्हणून असेल, असं आई म्हणायची. मीही तेच म्हणायचो. आधी बाबा गेले, दोन वर्षांपूर्वी आई गेली. मिनूने सगळं व्यवस्थित केलं, रडली मात्र फारशी नाही.

यंदा उन्हाळ्याआधीच्या एका शनिवारी मी तिच्याकडे गेलो होतो. तिचा मुलगा ईशान केजीत आहे. तो आतल्या खोलीत गाड्या लावत होता आणि मिनू ओट्याशी थालीपीठ थापत होती. म्हणाली, “सोमवारी मी सुट्टी टाकलीय. ईशानचं ओपन हाऊस आहे.”

“अगं, आता ऑनलाइन असतं ना? ऑफिसातून कर.”

“नाही. मी समोर बसून ऐकणार. मला आईसारखं नाही करायचं.”

“आईसारखं म्हणजे?”

तिने हात धुतले आणि माझ्याकडे वळली. अगदी शांत आवाजात, जणू दोघांनाही ठाऊक असलेल्या गोष्टीची आठवण करून देतेय, अशी बोलली. “सूझन मिसनी सांगितलं होतं ना डॉक्टरकडे न्या म्हणून. मी तिथेच उभी होते, दादा. त्या समोरून बोलल्या की मला सगळं कळायचं. मी वाट बघत होते, आता आई मला नेईल. तर तिने टीव्ही बंद केला आणि पाढे सुरू केले. मग शाळेत जाऊन उलट मिसवरच ओरडली.” ती जराशी हसली. “मी तिला कधी विचारलं नाही. कामावर जायची बिचारी, तिला वेळ नसेल. पण मी विसरलेही नाही.”

थालीपीठ करपायला लागलं होतं. मी उठून गॅस बंद केला. मला इतकी वर्षं वाटत होतं की मी तिचा कान घेतला. मी काय काय घेतलं ते मला त्या ओट्यापाशी उभं असताना कळलं. मी खुर्ची तिच्यासमोर ओढली, तिला माझं तोंड दिसेल अशी, आणि म्हणालो, “मिनू, आईला ठाऊक नव्हतं.”

“काय ठाऊक नव्हतं?”

“मिस काय म्हणाल्या ते. मी घरी सांगितलंच नाही. मी नापास झालो होतो, आई शाळेत आली असती तर ते कळलं असतं. मी तिला सांगितलं, मिनूचं वर्गात लक्ष नसतं. फक्त एवढंच. आणि मिसना सांगितलं, आईबाबा डॉक्टरकडे नेणार आहेत.”

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली, जणू अजून काहीतरी यायचं आहे.

“शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं तिला?”

“शेवटपर्यंत. तिला वाटायचं, तिच्या तेलाने तुझा कान गेला.”

आतून ईशानने हाक मारली, “मम्मा, कम सी!” ती हलली नाही. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिच्या तोंडून “आई गं” असं आलं. आईच्या दहाव्याला जे रडू आलं नव्हतं, ते आता आलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिने तो काढून टाकला, आणि ते योग्यच होतं. ती हात खाली घेऊन पुन्हा माझ्याकडे बघेपर्यंत मी थांबलो. मग म्हणालो, “माझं चुकलं, मिनू. तुझ्या कानाच्या बाबतीत चुकलं, सूझन मिसच्या बाबतीत चुकलं. आईच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुकलं. तू माफ करावंस असं मी म्हणत नाही. पण मी तुझी माफी मागतो.”